पायाची दोरी

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तुम्ही किनाऱ्यावर इतकी वर्षं निःस्वार्थ सेवा केलीत, त्याच्या हृद्य आठवणी लिहा." मी तेव्हा स्कूटरचा प्लग साफ करत होतो. हात काळे, त्यात तो हृद्य शब्द. म्हटलं, बाई, माझ्याकडे हृद्य काही नाही. राग आहे, तो चालेल का? त्या हसल्या आणि चालेल म्हणाल्या. आता छापताना त्यांनी काटछाट करू नये, एवढंच मागणं आहे.

मी कोण ते आधी सांगतो. पनवेलच्या कोळीवाड्यातला. वडील खाडीत मासे मारायचे. खाडी गाळाने भरत गेली, मासळी आटली, तसा मी बंदरातल्या लाँचवर खलाशी म्हणून लागलो आणि सारंग, म्हणजे लाँच चालवणारा, म्हणून निवृत्त झालो. बायकोचं माहेर उरणच्या बाजूला, उघड्या समुद्राच्या काठी. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी तुमच्यातले निम्मे लोक तिथे मुलंबाळं घेऊन हजर होतील.

मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला आणि सरकारला एकदम आठवलं की किनाऱ्यावर कोळी राहतात. मग गावोगाव स्वयंसेवकांची पथकं निघाली. अनोळखी होडी दिसली की कळवायचं, हे काम. माझा मेव्हणा धर्मा त्या गावचाच, त्याने पथकात स्वतःबरोबर माझंही नाव घातलं. मला विचारलंदेखील नाही. "दाजी, घरी बसून ताईचं डोकं खाता, त्यापरीस हितं या," एवढंच म्हणाला. एक नारिंगी जॅकेट मिळालं, एक शिट्टी, फोटोचं ओळखपत्र आणि एक बॅटरी. बॅटरीत सेल नव्हते.

अनोळखी होडी मी सात वर्षांत एकही पाहिली नाही. अनोळखी माणसं मात्र पोत्याने पाहिली. करंजाडे, खारघर, नवीन पनवेल, जिकडेतिकडे इमारती उठल्या आणि त्यातल्या लोकांना रविवारी समुद्र लागायला लागला. पावसाळ्यात तर जास्तच. लाटा मोठ्या दिसतात ना. त्यांना पाण्याबाहेर ठेवणारं किनाऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं. जॅकेट आमच्या अंगात होतं, म्हणून ते काम आमच्या गळ्यात पडलं. दर रविवारी सकाळी मी पनवेलहून निघायचो, कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगांमधून स्कूटर काढत तास-सव्वा तासाने पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत पोचायचो आणि भरती उतरेपर्यंत उभा राहायचो.

बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी माहीत नसतात. पहिली म्हणजे पावसाळ्यात आमचा समुद्र बंद असतो. जूनमध्ये होड्या वर ओढतात, झापांनी झाकतात, इंजिनं काढून घरात ठेवतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. म्हणजे ज्या दिवसांत लोकांना बुडायची हौस येते, नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे पाण्यात घालायला होडी नसते. वाचवायचं ते कमरेला दोर बांधून, पोहत जाऊन. दोराचं दुसरं टोक किनाऱ्यावरच्या तिघाचौघांच्या हातात.

दुसरी गोष्ट म्हणजे ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी कुठून तरी परत जातंच. ते एका पट्ट्यातून जातं, आणि त्या पट्ट्यात लाट फुटत नाही. सगळीकडे फेस आणि मध्ये एवढी जागा सपाट, मातकट, शांत. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथे बरं आहे, इथे उतरू. उतरला की दोन मिनिटांत तो शंभर पावलं आत. मी घसा फोडून हे सांगायचो आणि लोक म्हणायचे, काका, तिकडे तर लाटासुद्धा नाहीत.

एकेक नमुने होते. विचुंब्याच्या एका नव्या सोसायटीतल्या गृहस्थांनी गाडी थेट वाळूत उतरवली. कशाला, तर गाडीचा आणि लाटेचा एकत्र फोटो. भरती चढत होती, चाकं रुतली, पाणी दारापर्यंत आलं. आम्ही बाराजणांनी दोर लावून, चाकांखाली फळकुटं सरकवून ती गाडी बाहेर काढली. बाहेर निघाल्यावर गृहस्थांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "बंपरला स्क्रॅच आलाय, हे कोण भरून देणार?" धर्मा शांतपणे म्हणाला, "ढकलू का परत आत? तितं स्क्रॅच दिसनार नाय." गृहस्थांनी ओळखपत्राचा फोटो काढून आमची तक्रार केली. त्या तक्रारीचं उत्तर मला लेखी द्यावं लागलं.

एक नवरदेव आले लग्नाआधीचे फोटो काढायला. आले ते शेरवानीत. फोटोवाला त्यांना सांगत होता, सर, अजून दोन पावलं मागे. मागे समुद्र. नवरी शहाणी होती, ती कोरड्या वाळूत चपला हातात घेऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाही." मी म्हटलं, बाई, मी आज शिट्टी वाजवीन, पुढचं तुझं तू बघ.

यांच्यावर चिडायचो, पण तो राग घरी येईपर्यंत उतरायचा. न उतरणारा राग वेगळा आहे.

दोन हजार दहाच्या पुढेमागे ते फळीवाले यायला लागले. लांबुळकी, टोकदार फळी काखेत घेऊन येणार, तिच्यावर पालथं झोपून हातांनी पाणी मारत आत जाणार आणि लाट आली की उभं राहून तिच्यावरून घसरत किनाऱ्याकडे येणार. पाच-सहा जणं होती, सगळी पंचविशी-तिशीतली, नोकरदार. त्यांची म्होरकी केतकी. नवीन पनवेलला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवायची. कर्नाटकच्या किनाऱ्यावर जाऊन हे शिकून आली होती. आमच्या बायका पहिल्या दिवशी तिला बघायला घराबाहेर आल्या. धर्माची आई, माझी सासू, कपाळाला हात लावून म्हणाली, "लेकीच्या जातीला समींदर दिसत नाय का काय."

मला सगळ्यात झोंबायचं ते वेगळंच. ही पोरं नेमकी ओढीतून आत जायची. पुळणीवर आली की थोडा वेळ पाण्याकडे बघत उभी राहायची, ती सपाट जागा हुडकायची आणि तिथेच फळी टाकायची. मी शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखवून घ्यायचो. एकदा केतकी बाहेर आल्यावर तिला धरलंच.

"अगं, मरायचंय का? ती ओढ आहे. माहीत आहे का ओढ म्हणजे काय?"

"माहीत आहे ना काका. म्हणून तर तिथून जातो. फुकटची लिफ्ट आहे ती. आत गेलो की बाजूला होतो."

"लिफ्ट? तुझ्या दवाखान्यात असेल लिफ्ट."

ती हसली. रागावली नाही, हे तेव्हा मला जास्तच लागलं. म्हणाली, "काका, एक काम करू. पुढच्या रविवारी अर्धा तास द्या. तुमच्या सगळ्या टीमला मी बोर्ड दाखवते, लीश म्हणजे ही पायाची दोरी दाखवते, आमचं माणूस पडलं तर काय करायचं ते दाखवते. आणि तुम्ही आम्हाला इथलं पाणी सांगा."

धर्माला ते पटलं होतं. तो लगेच वाळूत उकिडवा बसून ती फळी चाचपायला लागला. फळीच्या शेपटाला एक दोरी होती, रबरासारखी, आणि तिच्या टोकाला पायाच्या घोट्याभोवती बांधायचा पट्टा. "दाजी, ह्ये बगा, पायाला बांदतात," तो म्हणाला. मी त्याला हाक मारून उठवलं. माझे शब्द मला अजून तसेच आठवतात. म्हटलं, "आम्ही समुद्र बघितलाय पोरी, आम्हाला फळ्या नको शिकवूस." बंदरात चाळीस वर्षं काढलेला माणूस मी. कालपरवा कर्नाटकात जाऊन आलेली मुलगी मला पाणी दाखवणार. पुढच्या रविवारी ती खरंच अर्धा तास आधी येऊन थांबली. मी जॅकेट घालून पुळणीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो. लांबून तिने एकदा हात केला. मी दिसलंच नाही असं केलं.

हा माझा भाग झाला. आता साहेबांचा, म्हणजे ज्यांच्या हाताखाली आमचं पथक होतं त्यांचा. आमच्याकडचा दोर होडीचा, जुना, आणि आखूड. माणूस ओढीत गेला की पुरायचा नाही. मी वरच्या कार्यालयाला दोनदा अर्ज केला की लांब दोर द्या, चार फुगवायच्या ट्यूब द्या, आणि फळीवाले येतात त्यांचं काय करायचं ते कोणाकडून तरी शिकवा. दोन महिन्यांनी उत्तर आलं. ते मी जपून ठेवलंय. पर्यटकांना पाण्यात उतरू न देणे हे आपले काम असल्याने दोराची आवश्यकता दिसून येत नाही, असं त्यात लिहिलंय. फळीवाल्यांबद्दल विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "असला प्रकार आपल्या यादीत नाही." मी म्हटलं, साहेब, यादीत नाही पण पाण्यात आहे. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला. त्या खुर्चीतून समुद्र दिसतसुद्धा नव्हता.

आता तो रविवार. श्रावण लागायचा होता, वारा दोन दिवस पडला नव्हता. लाटा तीन रांगांत फुटत होत्या. फळीवाले तिघेच आले होते. केतकी एकदा आत जाऊन दमून बाहेर आली होती आणि टपरीपाशी चहा घेत उभी होती. आत होता अनिकेत. बँकेत नोकरीला, खारघरच्या बेलपाड्याजवळ राहायचा, त्यांच्यातला नवखा.

मी त्याला पडताना पाहिलं. एका लाटेत गेला, दिसला, दुसरीत गेला. मग फळी वर आली आणि तो आला नाही. आला तो पाय वर, डोकं खाली. फळी लाटेबरोबर किनाऱ्याकडे खेचत होती, तो नेमका ओढीच्या कडेला, आणि मधली दोरी ताणून तारेसारखी झाली होती. मी जॅकेट फेकलं. धर्माने माझ्या कमरेला दोर बांधला, तीन माणसं धरायला आली, आणि मी गेलो.

पोचलो तेव्हा तो पाणी पीत होता. एक हात माझ्याकडे केला. मी बघितलं ते फक्त त्याच्या पायाकडे.

इथे मला जरा थांबून सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला कळणार नाही. होडीवर आणि लाँचवर एक गोष्ट आम्हाला शिकवावी लागत नाही, ती बघून बघून अंगात जाते. दोराचा फास पायात आला की माणूस संपला. माझ्या डोळ्यांदेखत एका खलाशाचा पाय नांगराच्या दोरात गेला होता, तो पाय परत आला नाही. म्हणून आमच्या प्रत्येकाच्या कमरेला सुरी असते. पायात दोर दिसला की आधी कापायचा, मग विचारायचं. विचार करणारा उशीर करतो. चाळीस वर्षांत मी तीन माणसांचे पाय असे सोडवले आहेत आणि तिघेही आपापल्या पायांनी घरी गेले.

मी सुरी काढली आणि ती दोरी कापली. ताणलेलीच होती, एका घावात तुटली. फळी मोकळी झाली आणि लाटेवर बसून सरळ किनाऱ्याला गेली. अनिकेतने तोंडातलं पाणी थुंकलं आणि ओरडला, "का कापली? काका, का कापली?"

त्याक्षणी मला समजलं. ती फळी त्याला बुडवत नव्हती, किनाऱ्याकडे ओढत होती. आजूबाजूला त्याला तरंगत ठेवणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती मी माझ्या हाताने सोडून दिली होती. फळी गेली आणि आम्ही दोघे ओढीत सरकलो. मी त्याचा दंड धरला. थोडं आत गेलो तोच माझ्या कमरेला हिसका बसला. दोर संपला होता. किनाऱ्यावर धर्मा गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता, त्याच्याकडे द्यायला आणखी दोर नव्हता. मागून लाट आली. माझा हात सुटला. मी दोराला बांधलेला, जागच्या जागी. तो गेला आत.

वयाच्या साठीला मी पाण्यात दोराच्या टोकाला तरंगत रडलोय, हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला आता हे वाचून कळेल.

मग मला केतकी दिसली. चहाचा ग्लास फेकून ती फळी घेऊन पळत येत होती, आणि पळत होती त्या सपाट जागेकडे. ओढीकडे. सवयीने माझ्या तोंडातून निघालंच, "तिकडे नको, तिकडे नको." ती थांबली नाही. फळीवर पालथी पडली आणि ओढीने तिला उचलून नेलं. मला जे अंतर अर्ध्या तासात कापता आलं नसतं ते तिने किती मिनिटांत कापलं ते मी मोजलं नाही, पण दोनतीन लाटांचा अवधी असेल. तिने अनिकेतला फळीवर पालथा घातला, स्वतः मागे धरून राहिली, लाटा फुटतात त्याच्याही पलीकडे गेली, मग आडवी सरकत सरकत किनाऱ्यावरच्या देवळासमोर आली आणि तिथल्या फेसाबरोबर दोघं वाळूत येऊन पडली. तिच्या पायाला दोरी होती. फळी एकदाही तिच्यापासून लांब गेली नाही.

अनिकेत वाचला. खांदा निखळला होता, छातीत पाणी गेलं होतं. पनवेलच्या इस्पितळात चार दिवस होता. मी तिसऱ्या दिवशी गेलो, शहाळं घेऊन. त्याची आई माझ्या पाया पडायला लागली, मी मागे सरलो. तो क्षीण आवाजात म्हणाला, "काका, राग नाही. फक्त कळलं नाही. का कापलीत?" मी म्हटलं, पायात होती म्हणून. यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही.

इथपर्यंतचा राग माझा माझ्यावर. आता पुढचा.

त्या संध्याकाळी कार्यालयातून माणूस आला होता जबाब घ्यायला. मी म्हटलं, त्याच्या पायात दोरी होती, ती मी कापली, आणि केतकीने त्याला बाहेर आणला. त्याने लिहून घेतलं आणि मी न वाचता सही केली. पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन, सत्कार आहे, या. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. प्रमाणपत्रात छापलं होतं की पायात गुरफटलेल्या दोरीमुळे बुडत असलेल्या तरुणाची दोरी प्रसंगावधान राखून कापल्याबद्दल. केतकीचं नाव कुठेच नाही. ती हॉलमध्ये मागे बसली होती. कोणी बोलावलं नव्हतं, अनिकेतच्या आईबरोबर आली होती. मी शाल घेतली. फोटो काढला. तोंड उघडलं नाही. का उघडलं नाही, असं धर्माने वाटेत विचारलं तेव्हा मी त्याला म्हटलं, गाडी नीट चालव.

महिनाभराने पुळणीवर पाटी लागली. लोखंडी, पिवळी, मोठ्या अक्षरांची. फळीला दोरी बांधून पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे. खाली, आदेशावरून.

मी ती पाटी दोनदा वाचली. फळी घेऊन उतरायला मनाई नव्हती. दोरी बांधायला मनाई होती. माझी चूक साहेबांनी लोखंडावर रंगवून, सिमेंटमध्ये रोवून, कायदा करून ठेवली होती. आणि पथकाला हुकूम आला की दोरी दिसली तर काढून घ्यावी. म्हणजे मी एकदा केलं ते आता आम्ही बाराजणांनी दर रविवारी करायचं, तेही किनाऱ्यावर, सावकाश, आधीच.

केतकी पाटीसमोर उभी होती. ती हसायची थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली. "काका," ती म्हणाली, "नवीन मुलं येतात ना, ती पाटी वाचतात. आमचं नाही ऐकणार, सरकारचं ऐकतील. कोणीतरी विदाउट लीश जाईल आणि परत येणार नाही." मग म्हणाली, "तुम्ही बोलू शकता. माझं कोण ऐकणार? मी तर रिपोर्टमध्येच नाहीये."

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, तुमच्याच जबाबावरून निघालाय आदेश." जबाब काढून दाखवला. खाली माझी सही. दोरी जीवावर बेतली होती असं त्यात होतं. मी तसं बोललो नव्हतो, पण सही माझी होती. मी म्हटलं, मग दुसरा जबाब घ्या. लिहा की मी घाबरून चूक केली. दोरीमुळे तो बुडत नव्हता, मी कापल्यामुळे बुडायला लागला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "असं लिहिलंत तर सत्कार रद्द करावा लागेल. वर काय सांगू मी? चांगलं झालंय, तसंच राहू द्या की."

चांगलं झालंय. माझं डोकं फिरलं ते तिथे. मी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, सही केली, तारीख घातली, पोच मागितली. शाल आणि प्रमाणपत्र पिशवीतून आणलंच होतं, ते टेबलावर ठेवलं. कारकुनाने पोच दिली. हातात पोच होती, पण आता जॅकेट जाणार हेही दिसत होतं, आणि पथकाचं जॅकेट मला आवडायचं. घरी बसलेल्या माणसाला कोणी शिट्टी दिली तर तो तिच्यावर जीव लावतो.

पाटी हलली नाही. मी पुढच्या पावसाळ्यापर्यंत सहा वेळा चकरा मारल्या. फाइल वर गेलीय, फाइल खाली आलीय, साहेब रजेवर आहेत, साहेब बदलले. नवे साहेब म्हणाले, आदेश मागे घ्यायचा तर तो चुकीचा होता असं दाखवावं लागेल. मी म्हटलं, दाखवतोय ना. ते म्हणाले, तुम्ही नाही, समितीने.

मग जूनमध्ये होड्या वर आल्या, पहिला जोराचा वारा झाला, आणि एका रविवारी पुण्याकडची चार अनोळखी पोरं फळ्या घेऊन उतरली. मी पाहिलं तर एकाने पाटी वाचली, खाली वाकला, घोट्याचा पट्टा सोडला आणि दोरी गुंडाळून बॅगेत टाकली. कायदा पाळणारा पोरगा. आईबापांनी चांगलं वळण लावलेलं असणार.

मी त्याला अडवला. तो पाटीकडे बोट दाखवून नम्रपणे म्हणाला, "सर, इथे लिहिलंय."

मी धर्माकडे बघितलं. धर्मा घरी गेला आणि होडी ओढायचा जाड दोर आणि पहार घेऊन आला. सकाळचे दहा वाजले असतील, पुळणीवर शंभरेक माणसं होती. आम्ही पाटीला दोर टाकला. सिमेंट साहेबांसारखंच होतं, वरून कडक, आत वाळू. चार हिसक्यांत आडवी झाली. कोणी तरी मोबाइलवर शूटिंग केलं, ते बरंच झालं, नाहीतर आमच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

सरकारी मालमत्तेचं नुकसान म्हणून नोटीस आली. पोलीस ठाण्यात दिवसभर बसलो. ठाणेदार उरणचाच होता, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाखवा, वयाचा तरी विचार करायचा." मी म्हटलं, वयाचाच केला. ओळखपत्र, जॅकेट आणि शिट्टी जमा करून घेतली. बॅटरीही मागितली. मी सांगितलं, सेल कधीच नव्हते, तसं लिहा. त्यांनी लिहिलं नाही. नवी पाटी लावायला मात्र कोणी आलं नाही. त्या पाटीच्या खड्ड्यात आता पावसाचं पाणी साचतं.

त्यानंतरच्या रविवारी मी केतकीसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, अर्धा तास आहे माझ्याकडे, दाखव. ती कुत्सित बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त फळी वाळूत ठेवली आणि म्हणाली, "झोपा काका, पालथे." पुळणीवर सगळी सासुरवाडी बघत होती. सासूबाई खुर्ची आणून बसल्या होत्या. मी साठीतला बाप्या, चड्डी-बनियनवर, कोरड्या वाळूत फळीवर पालथा पडून हवेत हात मारत होतो. मग केतकीने तो पट्टा माझ्या घोट्याभोवती आवळला आणि दोरी ताणून बघितली.

पायाला दोरीचा हिसका लागला मात्र, माझा हात आपोआप कमरेला गेला. सुरी तिथे नव्हती. धर्माने ती आधीच काढून घेतली होती आणि तिनेच तो बाजूला बसून काकडी कापत होता. "मला म्हाइत व्हतं," तो म्हणाला आणि एक फोड माझ्याकडे केली.

मी अजूनही रविवारी जातो. जॅकेट नाही, शिट्टी नाही, एक लांब दोर मात्र आहे, आम्ही बाराजणांनी आणलेला. कोणी फळीवाला उतरायला आला की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायाकडे बघतो. दोरी नसेल तर उतरू देत नाही, असेल तर वाकून पट्टा आवळून बघतो. नव्या पोरांना ते आवडत नाही. मागच्या रविवारीच एकजण म्हणाला, "अंकल, तुम्ही कोण? कोणत्या अधिकाराने अडवताय?"

मी त्याचा पट्टा एक घर आवळला आणि म्हटलं, एकदा कापलीय बाबा. त्या अधिकाराने.